काळ्या मातीतील खांब
दख्खनच्या पठारावर बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या, चिकण मातीत (रेगूर) इमारतीचा वा मांडवाचा खांब पक्का रोवण्याची पद्धत. या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती फुगून खांबाला कवटाळते आणि वर उचलते. उथळ रोवलेला खांब म्हणूनच दोन-तीन पावसाळ्यांत कलतो.

खड्डा मातीच्या हलत्या थराखाली, शक्यतो मुरुमापर्यंत न्यावा. तो वर अरुंद व तळाशी रुंद असावा. उलट झाल्यास फुगणाऱ्या मातीला उचलायला आयती कड मिळते. उकरलेली काळी माती पुन्हा भरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्याऐवजी मुरूम वीतभर थरांत टाकून, किंचित ओलवून पहारीच्या बोथट टोकाने ठासावा, आणि प्रत्येक थरानंतर ओळंबा लावून पाहावा. बुंध्याशी बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. पाणी मुरले नाही तर निम्मा त्रास टळतो.

जुन्या वाड्यांत लाकडी खांब मातीत न गाडता दगडी तळखड्यावर उभा करीत. त्यामुळे बुंधा कुजत नसे. पक्क्या बांधकामासाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असलेले काँक्रीटचे स्तंभिका-पाये वापरतात. फुगणाऱ्या मातीत त्यांची लांबी किमान ३.५ मी. ठेवतात, कंदाचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट असतो.