पंडुमचा उन्हाळा : सूरजागड परिसरातील उत्सवांचा इतिहास कसा वाचावा?

मराठी साहित्यात उन्हाळ्याचे जे चित्र रूढ झाले आहे ते बहुतांशी रखरखाटाचे आहे. वैशाखवणवा, भेगाळलेली भुई, आटलेल्या विहिरी आणि पावसाची वाट पाहणारा शेतकरी ही त्या चित्राची ठरलेली सामग्री. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने (१९५६) या सवयीला छेद दिला आणि प्रत्येक महिन्याला स्वतःचे रूप व स्वतःची समृद्धी असते हे वाचकांना दाखवून दिले. तरुणपणी मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये संशोधनासाठी हिंडलेल्या या लेखिकेच्या दृष्टीचा त्या अरण्याशी संबंध नसेलच, असे म्हणवत नाही. कारण त्या अरण्यात उन्हाळा हा अभावाचा ऋतू नाही. तो वेचणीचा, भेटीगाठींचा आणि उत्सवांचा ऋतू आहे. प्रस्तुत लेखात सूरजागड आणि त्याभोवतीच्या माडिया मुलखातील उन्हाळी उत्सवांचा विचार करावयाचा आहे. या उत्सवांचे वर्णन आपल्याकडे थोडेफार झाले आहे. त्यांचे वाचन मात्र फारसे झालेले नाही.

सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यातले डोंगराळ ठिकाण. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा भाग चंद्रपूर, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात मोडत होता. येथून पूर्वेला छत्तीसगडच्या बस्तरचा अबुजमाड सुरू होतो आणि दक्षिणेला भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. पावसाळ्यात या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले फुगले की गावे एकमेकांपासून तुटतात. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात वाचतो. अशा वेळी एकेक गाव म्हणजे हिरव्या समुद्रातले एकेक बेट होते. हे लक्षात घेतले म्हणजे उन्हाळ्याचे महत्त्व कळते. नाले आटतात, वाटा मोकळ्या होतात, शेतीचे काम थांबलेले असते. सोयरीक, जत्रा, शिकार, देवांच्या भेटी हे सारे याच काळात शक्य होते. उन्हाळा बेटांना जोडतो, आणि म्हणून तो सामूहिकतेचा ऋतू ठरतो.

माडिया भाषेत सणाला 'पंडुम' म्हणतात. माडिया ही गोंडीप्रमाणेच द्राविड कुळातील भाषा असून तेलुगूतील 'पंडुग' हा शब्द तिच्या या शब्दाचा जवळचा नातलग आहे. तेलुगूत 'पंडु' म्हणजे पिकलेले फळ. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती बांधणे धोक्याचे असते, हे भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. परंतु पंडुमांचा क्रम पाहिला की फळाच्या पिकण्याचा आणि सणाचा संबंध व्युत्पत्तीवाचूनही पटतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागतात, त्याचा इरुक पंडुम. पुढे आंबा हाताशी येतो, त्याचा मरका पंडुम. पावसाच्या तोंडावर, पेरणीपूर्वी बियाण्यांचा विज्जा पंडुम. नावांचे उच्चार आणि सणांच्या तिथी गावागणिक बदलतात, कारण तिथी पंचांगाने ठरत नाही. गावाने बसून ठरवायची असते.

या सर्व सणांमागे एक साधा नियम आहे. गावाच्या पेरमाने, म्हणजे गावाच्या वतीने भूमीची आणि पूर्वजांची पूजा करणाऱ्या माणसाने, नवे फळ देवाला दाखविल्याशिवाय ते कोणी खायचे नाही. मरका पंडुम होईपर्यंत आंबा तोडायचा नाही. विज्जा पंडुमाचे प्रचलित रूप असे, की घराघरांतून थोडे थोडे बियाणे आणून एकत्र करायचे, त्याची पूजा व्हायची आणि त्यातले चिमूटभर प्रत्येकाने परत नेऊन आपल्या बियाण्यात मिसळायचे. म्हणजे प्रत्येक शेतात सर्व गावाचे बी थोडे तरी पेरले जाते. सणाला ढोल असतो, रेलाची गाणी असतात, जेवण असते, मोहाची किंवा गोरगा झाडाच्या रसाची पेयेही असतात. पण हा सारा आनंद एका निर्णयानंतरचा आहे. तो निर्णय असा : आता घेण्यास हरकत नाही. पंडुम हा मुळात परवानगीचा विधी आहे, आणि परवानगी ही नेहमी कोणाची तरी, कशावरची तरी असते. तिच्यात मालकी नसली तरी अधिकार गृहीत असतो.

हे समजण्यासाठी फार लांब जावयास नको. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखविल्याशिवाय आंबा खात नसत. खानदेशातील आखाजीच्या घागरीमागेही पितरांचीच आठवण आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर कोळी आपली होडी पाण्यात लोटतो. फरक इतकाच, की आंब्याचा नियम आता प्रत्येकाच्या घरापुरता उरला आहे आणि माडिया गावात तो सर्व गावाला बांधतो. उष्ण कटिबंधातील बेटांवर तर याच तत्त्वाची अत्यंत घडीव रूपे आढळतात. पॉलिनेशियातील काही बेटांवर 'राहुई' नावाची बंदी असते. खाजणातील मासे किंवा एखाद्या जागेतील फळे काही काळ कोणी घ्यायची नाहीत असे ठरते, आणि बंदी उठते तो दिवस साऱ्यांचा असतो. ट्रोब्रिअंड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात राहिलेल्या मालिनोव्हस्कीने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कंदांच्या मळ्यांचे सविस्तर वर्णन केले आहे. तेथे मळ्याचा मांत्रिक लागवडीचा प्रत्येक टप्पा विधीने 'उघडतो' आणि सुगीनंतर 'मिलामाला' या उत्सवात पूर्वजांचे आत्मे गावात येतात अशी श्रद्धा आहे. पेरमा आणि हा मांत्रिक यांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही. मात्र मर्यादित साधनांवर, शेजाऱ्यांसह, पिढ्यान्‌पिढ्या जगायचे असेल तर 'केव्हा घ्यावे' हे कोणीतरी सर्वांच्या वतीने सांगावे लागते. समुद्राच्या बेटावर आणि अरण्याच्या बेटावर ते सणाच्या रूपाने सांगितले गेले.

आता लिखित इतिहासाकडे वळू. या प्रदेशाविषयीच्या आरंभीच्या इंग्रजी नोंदींमध्ये नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची टिपणे महत्त्वाची आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर लवकरच ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल आला. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंड आले, आणि १९३८ मध्ये बस्तरचे प्रशासक राहिलेल्या ग्रिगसन यांचा माडियांवरील ग्रंथ. पंडुमांचे तपशील आपल्याला मुख्यतः ग्रिगसनसारख्यांकडून मिळतात. याच काळात दुसरी एक नोंदवही भरत होती. चांद्याच्या लोखंडाविषयी फॉन श्वार्ट्झ यांचा अहवाल १८८२ मध्ये आला. जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा विचार रुजला तो याच अहवालावरून. त्यांनी प्रथम शोध घेतला तो चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे. म्हणजे एकाच भूमीचे दोन वेगळे दप्तर तयार झाले. खनिज, सागवान आणि महसूल यांची नोंद 'संपत्ती' या सदरात झाली. त्याच डोंगरावरच्या देवाची, मोहाची आणि आंब्याची नोंद 'धर्म व चालीरीती' या प्रकरणात. पहिल्या दप्तरातून हक्क निर्माण झाले, दुसऱ्यातून कुतूहल. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात लोकांच्या वहिवाटीचे हक्क आक्रसत गेले आणि त्यांची जागा 'सवलती'ने घेतली. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांतील जंगलांची व्यवस्था काहीशी निराळी होती. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या संपल्या आणि तीही सरकारकडे आली. पंडुमातून परवानगी देणाऱ्या गावालाच आता परवानगी मागावी लागणार होती.

उन्हाळा हा एकत्र येण्याचा ऋतू आहे, ही गोष्ट राजकीय इतिहासातही दिसते. १८५८ मध्ये बाबुराव शेडमाके आणि आरपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी चांद्यात इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्याचे ठळक प्रसंग मार्च ते मे या काळातले आहेत. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. पंडुमांमुळे उठाव झाला असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणूही नये. पण ज्या महिन्यांत वाटा खुल्या असतात आणि माणसे जमलेली असतात, त्याच महिन्यांत देवाचे, सोयरिकीचे आणि प्रतिकाराचे निरोप फिरतात, एवढे निश्चित.

सूरजागडला आज जे घडते आहे ते या दोन दप्तरांची समोरासमोर गाठ आहे. येथील डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान असून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते. परिसरातील सुमारे सत्तर गावांचा हा पारंपरिक इलाका. त्याच डोंगररांगेत २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला ३४८.०९ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा मिळाला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी वाहतुकीची सुमारे ऐंशी वाहने जाळली. मध्ये खंड पडून २०२१ पासून काम पुन्हा सुरू झाले आणि २०२३ मध्ये उत्खननाची वार्षिक मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यात आली. यात्रेत पूजेबरोबर खाणीविरोधातील सभाही होऊ लागल्या. ज्यांना हे देवाच्या नावावरचे राजकारण वाटते, त्यांनी पंडुमाचे तत्त्व आठवावे. त्या डोंगरातून काय आणि केव्हा घ्यावे हे ठरविण्यासाठीच तेथे जमण्याची रीत असेल, तर खाणीचा प्रश्न तेथे निघणार नाही तर कोठे निघेल?

कायद्यानेही हे अंशतः मान्य केले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून पवित्र स्थाने, दफनभूमी, विहिरी आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब धरले जातात. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांना लागू पडणारी अधिवास हक्काची तरतूदही त्या कायद्यात आहे. ओडिशातील नियमगिरीच्या खटल्यात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरिया कोंध लोकांच्या धार्मिक व सामूहिक हक्कांचा निर्णय ग्रामसभांवर सोपविला, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. 'चालीरीती' या प्रकरणातील मजकूर तेथे प्रथमच हक्काच्या सदरात वाचला गेला.

येथे एका भाबडेपणापासून सावध राहिले पाहिजे. माडिया समाज निसर्गाशी एकरूप होऊन, इतिहासाबाहेर राहतो, हे आपल्या साहित्याला आवडणारे चित्र खरे नाही. तेंदूपानांच्या हंगामाने उन्हाळ्याच्या वेळापत्रकात रोख पैसा आणला, १९९३ च्या जिल्हा दारूबंदीने मोहाच्या पेयाला वादाचा विषय केले, आणि खाणीत व कोनसरीच्या कारखान्यात नोकरी करणारे आदिवासी तरुणही आता आहेत. त्यांची गरज खोटी नाही. पंडुमाची परवानगी सर्वांची असली तरी ती देण्यात सर्वांचा सारखा वाटा नाही. पूजेच्या जागी स्त्रियांवर निर्बंध असतात आणि पाळीच्या दिवसांत त्यांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते. उत्सवाचा इतिहास लिहायचा तर या भेगांसह लिहिला पाहिजे.

साहित्याच्या अध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध वाचनाचा आहे. अभ्यासक्रमात 'लोकसाहित्य' म्हणून आपण सणाची गाणी शिकवितो. त्यांतील प्रतिमा, लय, पुनरुक्ती यांची यादी करतो आणि ते गाणे कोणत्या निर्णयाच्या क्षणी म्हटले गेले हे विचारीत नाही. संदर्भ काढून टाकला की गाणे उरते आणि त्यातला अधिकार निघून जातो. वसाहतकालीन दप्तराने जे केले तेच आपणही अधिक प्रेमाने करतो. पंडुमाचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने गाण्याच्या शब्दांबरोबर तारीख कोणी ठरविली, कोणत्या झाडाखाली, कोणती गावे हजर होती, बियाणे कसे वाटले गेले, कोणाला दूर बसावे लागले, हेही टिपून घेतले तर ते टिपण साहित्याचे राहीलच, आणि एखाद्या ग्रामसभेच्या दाव्याला जोडण्याइतके पक्केही होईल. आपल्या विद्यापीठांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते. हे काम करण्याचे दिवस नेमके तेच आहेत.