वाऱ्यावर लागलेला दिवा

गरज ही शोधाची जननी आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही म्हण खोटी नाही; पण ती अपुरी आहे, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी एका शाळकरी मुलाची हकीकत आपणांपुढे ठेवतो.

आफ्रिकेच्या आग्नेय भागात मलावी नावाचा लहानसा शेतीप्रधान देश आहे. मका हे तेथील लोकांचे मुख्य अन्न. २००१ साली हे पीक बुडाले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी देशात दुष्काळ पडला. कासुंगू जिल्ह्यातील विम्बे गावाजवळ राहणारा विल्यम कामक्वाम्बा तेव्हा चौदा वर्षांचा होता. घरात एक वेळच्या अन्नाची पंचाईत. मग फी कोठून भरणार? माध्यमिक शाळेत पाऊल टाकले न टाकले तोच त्याला ती सोडावी लागली.

बरोबरीच्या मुलांच्या मागे पडू नये म्हणून तो गावच्या प्राथमिक शाळेतील ग्रंथालयात जाऊ लागला. ग्रंथालय कसले, दानात आलेल्या पुस्तकांची थोडी फडताळे! तेथे त्याला ‘यूझिंग एनर्जी’ नावाचे एक इंग्रजी पुस्तक सापडले. मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग होती. त्याचे इंग्रजी कच्चे होते. आकृत्या पाहायच्या आणि शब्द कोशात शोधायचे, असा अभ्यास चालला.

सामान त्याने भंगारातून जमविले. बापाची मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लॅस्टिकचा नळ. नळ उभा चिरून, विस्तवावर मऊ करून त्याची पाती केली. मित्राने सायकलचा डायनॅमो विकत घेऊन दिला. निलगिरीच्या वाशांचा मनोरा उभा राहिला. गावाने त्याला वेडा ठरविले होते. पण २००२ साली वारा आला, चाक फिरले आणि जमलेल्या लोकांसमोर दिवा लागला.

या दिव्याला ना धूर, ना रॉकेल. जळणासाठी झाडे तुटत चाललेल्या त्या मुलुखात ही गोष्ट लहान नव्हती. पुढे त्याने पिण्याच्या पाण्यासाठी सूर्याच्या उष्णतेवर नव्हे, तर प्रकाशावर चालणारा पंपही बसविला.

आता त्या डायनॅमोकडे पाहा. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरते ठेवले की तारेत वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले. फॅरेडे लोहाराचा मुलगा. तोही चौदाव्या वर्षी शाळेत नव्हता. लंडनमध्ये पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधावयास आलेल्या विश्वकोशात त्याने विजेवरचा लेख वाचला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविली आणि पुढच्या वर्षी त्याच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागला.

जवळजवळ दोनशे वर्षांच्या अंतरावरील या दोन मुलांत एक साम्य आहे. शाळा दोघांचीही सुटली, पण विद्यार्थिदशा सुटली नाही. मात्र एवढ्यावरून दारिद्र्याचे गोडवे गाऊ नयेत. २००६ साली वृत्तपत्रांनी दखल घेईपर्यंत कामक्वाम्बाची चार-पाच वर्षे शाळेवाचून गेली. पुढे तो अमेरिकेत डार्टमथ येथे शिकला आणि २०१४ साली पदवीधर झाला; पण गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत. आणि ज्यांच्या हाती पुस्तकच पडले नाही, त्यांची तर नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत.

गरज त्या गावात सर्वांनाच होती, भूकही सर्वांनाच होती. उघडलेले पुस्तक एकाच्याच हाती होते. शोधाची जननी गरज असेल, पण तिचे बाळंतपण ग्रंथालयात आणि व्याख्यानाच्या मांडवात होते. म्हणून आपल्या मांडवाच्या कडेला एखादा पोर संकोचून उभा दिसला, तर थोडे सरकून त्याला बसावयास जागा द्यावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.