सारवण की कल्हई? गाडीच्या रंगाची गोष्ट



आपल्या गटांतून आजवर शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, किराणा दुकानासाठी कर्ज घेतले गेले. आता भाजी, भाताची पोती, विटा वाहायला छोटा टेम्पो घ्यावा, असा विचारही बैठकीत निघतो. हप्ता चार-पाच वर्षे चालतो. इंजिनात तेल वेळेवर पडते, पण पत्र्यावरच्या रंगाकडे कोणी बघत नाही. दोन पावसाळ्यांत रंग फिका पडतो, कडेला गंज धरतो आणि गाडी विकायला काढली की भाव उतरतो. दुकानात गेलो तर एक सांगतो मेण लावा, दुसरा सांगतो सीलंट लावा. निवड करण्याआधी या दोन्ही गोष्टी आल्या कुठून, ते आज पाहू.

वरून एक हात देऊन खालची वस्तू टिकवायची, हे आपल्याला नवे नाही. मातीची जमीन आपण शेणाने सारवतो. सारवण स्वस्त, घरचे, पण चार दिवसांनी पुन्हा करावे लागते. पितळेच्या भांड्याला कल्हई करतो. तिला खर्च येतो, भांडे आधी स्वच्छ घासावे लागते, पण ती महिनोन्‌महिने टिकते. मेण हे सारवणासारखे आणि सीलंट कल्हईसारखे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सोपे होईल.

आपल्या वाशिंदला रेल्वे फार लवकर आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १ ऑक्टोबर १८५५ ला कल्याण ते वाशिंद रूळ खुला झाला. त्या काळातले डबे आणि घोडागाड्या लाकडाच्या. त्यांना रंग आणि व्हार्निशचे थरावर थर देत. एक थर वाळला की घासायचा, मग दुसरा. यात आठवडे जात. पुढे मोटारी आल्या, त्यांनाही सुरुवातीला असेच रंगवत. अमेरिकेत फोर्डची मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे, कारण कारखान्याला रोज शेकडो गाड्या बाहेर काढायच्या होत्या आणि भट्टीत झटपट वाळणारा काळा रंग त्याला सोयीचा होता.

मग १९२३ च्या सुमारास ड्यूको नावाचा नवा रंग आला. तो कापसाच्या तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून बनवत. फवाऱ्याने मारला की काही तासांत वाळे आणि हवी ती रंगछटा मिळे. पण चमक यायला तो घासावा लागे आणि उन्हापावसात पुन्हा मंद होई. म्हणून गाडीवाल्याच्या घरी मेणाचा डबा आला.

मेण म्हटले की आपल्याला पोळ्याचे मेण आठवते. आपल्या डोंगरातले कातकरी, ठाकूर बांधव मध काढतात, त्यातलेच ते. पण हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, आणि वैशाखात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लाववत नाही. म्हणून गाडीसाठी कार्नोबा मेण पुढे आले. ब्राझीलच्या कोरड्या भागात कार्नोबा नावाचे ताडासारखे झाड आहे. पाण्याचा अंश उडून जाऊ नये म्हणून त्याच्या पानांवर मेण साचते. पाने वाळवून झोडपली की ते निघते. ते ८० अंशांच्या पुढे वितळते. मात्र दगडासारखे कडक असते, म्हणून त्यात दुसरी मेणे आणि तेल मिसळून लावण्याजोगे करतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकॉन आणि इतर कृत्रिम पदार्थ पॉलिशमध्ये आले. त्यांतूनच सीलंट तयार झाले. ते झाडाचे नाही, कारखान्याचे. ते रंगावर घट्ट बसते, ऊन आणि साबण जास्त सोसते. मेण महिना-दीड महिना टिकते, तर सीलंट चार महिने किंवा अधिक. १९८० नंतर कारखान्यांनी रंगावरच पारदर्शक थर द्यायला सुरुवात केली. अशा गाडीचा रंग घासून चमकवायची गरज कमी झाली. तो पारदर्शक थर राखणे, एवढेच काम उरले.

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते ना? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. वीस वर्षे धंद्यात राहिलेली गाडी! पत्रा सांभाळला तरच गाडी इतकी चालते.

आता आपला हिशेब करू. समजा, मेणाचा डबा ४०० रुपयांचा आणि त्यात आठ हात होतात. दीड महिन्याला एक हात धरला तर वर्षाला आठ हात, म्हणजे ४०० रुपये. समजा, सीलंटची बाटली ८०० ची, तिच्यातही आठ हात. चार महिन्यांना एक, म्हणजे वर्षाला तीन हात आणि ३०० रुपये. बाटली महाग दिसते, पण वर्षाचा खर्च कमी आणि मेहनतही कमी. तुमच्या दुकानातला भाव घालून हाच हिशेब करून बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची. तानसा, भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात आपल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. राखलेल्या रंगावर चिखल, वीटभट्टीची धूळ चिकटून बसत नाही, थोड्या पाण्यात निघते. बादलीभर पाणी वाचले तरी ते कोणाच्या तरी डोक्यावरचे ओझे कमी होते.

म्हणून रोज धंद्यावर जाणाऱ्या गाडीला आमचा सल्ला सीलंटचा. एक हात पावसाच्या आधी, मेअखेरीस. एक दसऱ्याला, तशीही आपण गाडी पूजेसाठी धुतोच. आणि एक होळीच्या आधी. घरची गाडी कमी फिरत असेल, सावलीत उभी असेल आणि हाताशी वेळ असेल, तर मेणही चालेल.

लावताना चार गोष्टी सांभाळा. गाडी धुवून सावलीत पूर्ण कोरडी करा. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका, चरे पडतात. सीलंट मेणाच्या थरावर बसत नाही, म्हणून आधीचे मेण काढा. सीलंटवर मेण मात्र चालते. भांड्याच्या पावडरीने गाडी धुऊ नका, मेण निघून जाते. खताची पोती वाहिली की त्याच दिवशी पाणी मारा.

आणि जिथे रंग उडून पत्रा उघडा पडला आहे, तिथे मेणही नाही आणि सीलंटही नाही. तिथे गंज घासून प्रायमर आणि रंगच हवा. फुटक्या भांड्याला कल्हई करून उपयोग नसतो.

पुढच्या बैठकीत गाडीच्या कर्जाचा अर्ज आला, तर हप्त्यासोबत हा वर्षाचा खर्चही वहीत लिहून घ्या.