युकेत हीटिंग बंद पडलं? बॉयलरचं कव्हर न उघडता काय काय तपासाल?

युकेतल्या भाड्याच्या घरात माझा पहिलाच हिवाळा होता. पहाटे उठलो तर रेडिएटर थंडगार, नळाला गरम पाणी नाही आणि बॉयलरच्या डिस्प्लेवर एक एरर कोड लुकलुकतोय. सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे सवयीने रिसेट केलं. एकदा नाही, सात-आठ वेळा. मग व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. तेवढ्यात घरमालकाने पाठवलेला इंजिनिअर आला. त्याने घराबाहेरच्या एका पाइपवर कोमट पाणी ओतलं आणि थोड्या वेळात बॉयलर सुरू! जाताना त्याने एकच गोष्ट बजावली: कव्हरला कधीही हात लावू नकोस.

शिकायला किंवा नोकरीला युकेत आला असाल, तर हे एकदा वाचून ठेवा.

सिस्टिम चालते कशी?

बऱ्याच फ्लॅटमध्ये कॉम्बी बॉयलर असतो. तो गॅसवर पाणी तापवतो. रेडिएटरमधलं पाणी बंद वर्तुळात पंपाने फिरत राहतं, तर नळाचं पाणी वेगळं, लागेल तेव्हा तापतं. म्हणून आधी हे बघा:

- हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद: वीज, गॅस, प्रेशर किंवा गोठलेला पाइप
- गरम पाणी येतंय, फक्त हीटिंग बंद: आधी थर्मोस्टॅट आणि टायमर तपासा
- एकच रेडिएटर थंड: बहुतेक त्या रेडिएटरचाच प्रॉब्लेम

या क्रमाने तपासा

१. वीज, गॅस, सेटिंग. बॉयलरचा स्विच चालू आहे का? गॅसची शेगडी पेटते का? मीटर प्रीपेड असेल तर बॅलन्स बघा. थर्मोस्टॅटचे सेल बदला. त्यावरचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जास्त ठेवा. लाइट जाऊन आली असेल तर टायमरची वेळ चुकलेली असू शकते.

२. प्रेशर. सिस्टिम थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. खूप खाली गेला तर बॉयलर स्वतःच बंद होतो. मॅन्युअलमध्ये तशी परवानगी असेल तर फिलिंग लूपचा (बऱ्याचदा बॉयलरखाली असलेली चंदेरी जाळीची नळी) व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि काटा जागेवर येताच घट्ट बंद करा. प्रेशर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. रोज भरत बसू नका, घरमालकाला कळवा.

३. गोठलेला पाइप. माझ्या घरी हेच झालं होतं. आताचे बॉयलर जळलेल्या गॅसमधल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरतात. ते पाणी एका प्लॅस्टिकच्या पाइपमधून बाहेर जातं. कडाक्याच्या थंडीत हा पाइप गोठला की पाणी तुंबतं, बॉयलरमधून गुडगुड आवाज येतो आणि तो बंद पडतो. जमिनीवरून हात पोहोचत असेल तरच त्यावर कोमट पाणी ओता. उकळतं पाणी अजिबात नको, पाइप तडकू शकतो.

४. रेडिएटर. वरून थंड आणि खालून गरम म्हणजे आत हवा आहे. हीटिंग बंद करा, रेडिएटर थंड होऊ द्या, चावीने वरचा स्क्रू थोडासा सैल करा. हवा निघून पाणी यायला लागलं की लगेच घट्ट करा आणि प्रेशर परत बघा. खालून थंड असेल तर गाळ साचलाय, ते काम इंजिनिअरचं.

५. रिसेट. हे सगळं बघून झाल्यावर एक-दोनदाच. तरीही कोड गेला नाही तर थांबा. डिस्प्लेचा फोटो काढून घरमालकाला लेखी मेसेज करा.

कव्हर का उघडायचं नाही?

बऱ्याच बॉयलरमध्ये कव्हर हे फक्त झाकण नसतं. जळलेला वायू खोलीत येऊ नये म्हणून केलेल्या सीलचा तो भाग असतो. सील बिघडलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं ही त्याची लक्षणं. गॅसचं काम फक्त ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या इंजिनिअरनेच करावं असा कायदा आहे. त्याचं ओळखपत्र बिनधास्त मागा. भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणं आणि तिचा रेकॉर्ड तुम्हाला देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणंही त्याच्यावर बंधनकारक आहे.

गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर खिडक्या-दारं उघडा, कुठलाही स्विच चालू-बंद करू नका, काडी पेटवू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ०८०० १११ ९९९ ला फोन करा. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हा नंबर फुकट आहे आणि २४ तास चालतो. आत्ताच सेव्ह करून ठेवा.