रवेन्नाच्या भिंतीवरील हात

इटलीच्या यात्रेस जाणारे आपले भाविक बहुधा रोम, असिसी आणि संत अंतोनीचे पाडुआ एवढे करून परततात. रवेन्नाकडे त्यांची पावले क्वचितच वळतात. बोलोन्याहून आगगाडीने सुमारे सव्वा तासाच्या अंतरावर असलेले हे शांत शहर एके काळी पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी होते. दलदलीने वेढलेले असल्यामुळे ते शत्रूपासून सुरक्षित वाटले आणि इ. स. ४०२ मध्ये सम्राट होनोरियसने आपला दरबार येथे हलविला. पाचव्या व सहाव्या शतकांत येथे उभ्या राहिलेल्या आठ वास्तूंना १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला.

या वास्तू बाहेरून अगदी साध्या, उघड्या विटांच्या. होनोरियसची बहीण गाल्ला प्लाचिदिया हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या समाधिगृहात पाऊल टाकावे, तर डोक्यावर गडद निळे आकाश आणि त्यात शेकडो सोनेरी तारे! काचेच्या चिमुकल्या तुकड्यांनी जडविलेल्या या मोझेक चित्रांत दारावरचा उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांमध्ये बसला आहे. शेजारच्याच अष्टकोनी संत विताले मंदिराचा अभिषेक आर्चबिशप माक्सिमियन यांनी ५४७ च्या सुमारास केला. तेथे सम्राट जस्टिनियन हाती तबक घेऊन आणि सम्राज्ञी थिओडोरा हाती कालीस घेऊन वेदीकडे निघालेली दिसतात. दोघेही रवेन्नात कधी आले नव्हते. माक्सिमियन यांच्या डोक्यावर त्यांचे नावही ठळक लिहिले आहे.

मात्र ज्यांची नावे पुसली गेली, त्यांची कथा पाहण्यासाठी संत अपोल्लिनारे नुओवो या मंदिरात जावे लागते. हे मंदिर गॉथ राजा थिओडोरिक याने आपल्या राजवाड्यालगत बांधले. ४९३ ते ५२६ अशी तेहतीस वर्षे त्याने येथून इटलीवर राज्य केले. तो व त्याचे लोक ख्रिस्ती होते. पण पुत्र हा पित्याशी एकतत्त्व नसून पित्याने निर्मिलेला आहे, असे मानणाऱ्या एरियन पंथाचे. ३२५ च्या निकेया परिषदेने हे मत अमान्य केले होते. तरीही थिओडोरिकच्या राज्यात दोन्ही पंथांची मंदिरे आणि दोन्ही पंथांची स्नानसंस्कारगृहे एकाच शहरात नांदत होती. त्याचे गुणगान करण्याचा मात्र आमचा हेतू नाही. अखेरच्या काळात त्यानेच तत्त्वज्ञ बोएथियसला ठार करविले आणि पोप पहिले जॉन त्याच्याच कैदेत ५२६ साली मरण पावले.

५४० मध्ये जस्टिनियनच्या सैन्याने रवेन्ना जिंकले. पुढे ५६१ च्या सुमारास आर्चबिशप अग्नेल्लस यांच्या काळात हे मंदिर कॅथॉलिकांच्या हाती आले आणि भिंतींची ‘शुद्धी’ सुरू झाली. मधल्या पट्ट्यात २६ रक्तसाक्षींची व २२ कुमारिकांची तेजस्वी मिरवणूक नव्याने जडविली गेली. सर्वांत वरच्या पट्ट्यातील प्रभूच्या जीवनाची २६ चित्रे मात्र थिओडोरिकच्याच काळची असूनही कोणी हलविली नाहीत.

उजव्या भिंतीवर थिओडोरिकच्या राजवाड्याचे चित्र आहे. त्याच्या कमानींत राजा व दरबारी मंडळी उभी होती. त्यांच्या आकृती खरवडून त्या जागी पांढरे पडदे जडविले गेले. परंतु काम करणाऱ्यांनी खांब तसेच ठेवले आणि त्या खांबांवर, पडद्यांच्या पलीकडून आलेले, काही हात व बोटे आजही दिसतात. शरीर नाही, चेहरा नाही, केवळ हात! त्या भिंतीखाली आम्ही बराच वेळ उभे राहिलो.

निकेयाला २०२५ साली १७०० वर्षे पूर्ण झाली. तिने घोषित केलेला विश्वासांगीकार आपण दर रविवारी उच्चारतो आणि ते सत्यच आहे, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. पण सत्याच्या रक्षणासाठी माणसांचे चेहरे खरवडावे लागतात काय? तेथून थोड्याच अंतरावर एरियनांचे छोटे स्नानसंस्कारगृह आहे. त्याच्या घुमटात योहान यार्देनेच्या पाण्यात येशूला बाप्तिस्मा देत आहे, वरून कबुतर उतरत आहे आणि भोवती बारा प्रेषित आहेत. कॅथॉलिकांच्या स्नानसंस्कारगृहातही हाच प्रसंग, हेच कबुतर, हेच बारा प्रेषित. घुमटाकडे पाहून कोणते कोणाचे हे यात्रेकरूला सांगता येऊ नये!

जुन्या शहराबाहेर थिओडोरिकची दुमजली समाधी आहे. तिच्यावर सुमारे दहा मीटर व्यासाच्या एकाच अखंड शिळेचे छत आहे. आत तांबूस दगडाचे रिकामे कुंड आहे. राजाच्या अस्थी केव्हाच नाहीशा झाल्या.

वाचकांपैकी कोणी रवेन्नास गेले, तर रक्तसाक्षींच्या मिरवणुकीपुढे जरूर हात जोडावेत. त्यानंतर मात्र खांबांवरचे ते हातही शोधावेत. तेही बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांचेच होते.