विणेकऱ्याची जागा

अमेरिकेतल्या एआयएक्स रेकॉर्ड्सची ‘निटी ग्रिटी सराउंड’ नावाची एक तबकडी आहे. जॉन मॅक्यूएन आणि जिमी इबॉट्सन यांची ही मैफल. बँजो, मँडोलिन, गिटार अशी लाकूड-तारेची वाद्यं, आणि वळण तिकडच्या लोकसंगीताचं, ब्लूग्रासचं. कंपनीचे ध्वनिमुद्रक मार्क वॉल्ड्रेप आपल्या तबकड्यांवर एकच गाणं दोन तऱ्हांनी देत. एका तऱ्हेत वादक समोर आणि आपण प्रेक्षकांत. दुसरीत आपण थेट वादकांच्या मधोमध: बँजो उजव्या खांद्याशी, कुणाचा तरी आवाज पाठीमागून.

ही दुसरी तऱ्हा ऐकली आणि जागा ओळखीची निघाली. परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत, किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात, सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ उभा राहतो. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मध्ये मृदंग आणि विणेकरी. वॉल्ड्रेपने श्रोत्याला जिथं बसवलं, तिथं आपल्याकडे विणेकरी उभा असतो. तेव्हापासून मी या जागेचं कूळ शोधतो आहे.

असा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रांची वंशावळ नोंदलेली आहे. १८८१ साली पॅरिसमध्ये क्लेमां आदेरने ऑपेरा टेलिफोनवरून दोन्ही कानांना वेगवेगळा ऐकवला. १९३१ मध्ये इंग्लंडच्या अॅलन ब्लमलाइनने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४० मध्ये डिस्नेचा ‘फँटेशिया’ हा चित्रपट भोवतालचा आवाज घेऊन आला, २०१२ मध्ये डॉल्बी अॅटमॉस ही ध्वनिपद्धत. या घराण्याचा मूळपुरुष मात्र नाट्यगृहातली खुर्ची आहे. भोवती कितीही स्पीकर लावले तरी सिनेमात संवाद बहुतेक समोरूनच येतात. पाठीमागे पाऊस, विमानं आणि दचकवणारे आवाज. गाणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून ऐकणं ही वेगळी शाखा आहे, आणि जिथं लोक प्रेक्षकांसाठी न गाता आपसांत गातात तिथंच ती फुटते.

ब्लूग्रासवाले आपसांत वाजवायला जमले की आजही कोंडाळं करतात. १९३९ मध्ये ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आला. त्या काळी सगळा ताफा एकाच मायक्रोफोनपुढे वाजवायचा. ज्याची पाळी तो पुढं सरकायचा, वाजवून मागं व्हायचा. मायक्रोफोनने कोंडाळं अर्धं उघडलं. आपल्या कीर्तनातही कोंडाळं असंच अर्धं उघडं असतं. कीर्तनकार श्रोत्यांकडे तोंड करून उभा, टाळकरी त्याच्या पाठीशी. कीर्तन म्हणजे वॉल्ड्रेपची पहिली तऱ्हा, हरिपाठ आणि दिंडी म्हणजे दुसरी.

मग या समोरासमोरच्या रांगा आल्या कुठून?

एक मत असं की, ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांची. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं आणि त्यात लष्करी घडी आणली. सोहळ्याची घडी त्यांची, हे निर्विवाद. पण फौजेतल्या रांगा सगळ्या एकाच दिशेला बघतात. टाळकरी एकमेकांकडे बघतात. शिपायाकडून हे शिकता येत नाही.

दुसरं मत असं की, एका रांगेनं चरण म्हणायचा आणि दुसरीनं उचलायचा, म्हणून दोन रांगा. हे मला बरंचसं पटतं. त्यात पाऊलीही आली. समोरच्याचं पाऊल दिसल्याशिवाय ती जमत नाही. पण एवढ्यानं दिंडीचा आकार उलगडत नाही. हजारो माणसं एका वाटेनं चालली आहेत, तर दोनच लांबलचक रांगा का नाहीत? आळंदीच्या पालखीत रथापुढेच २७ दिंड्या चालतात. प्रत्येकीचा मृदंग वेगळा, वीणा वेगळी.

माझं उत्तर आहे: अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दर मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद. समोरासमोरच्या रांगांत तीन मीटर असतील तर टाळ नऊ मिलिसेकंदांत पोचतो. कानाला तो एकच ठोका वाटतो. रांग तीस मीटर लांबली की टोकाचा टाळ नव्वद मिलिसेकंद उशिरा येतो, आणि द्रुत लयीत तेवढ्यानं ठेका फाटतो. उघड्या माळावर आवाज परतवणारी भिंतही नसते, म्हणून माणसांनीच एकमेकांसमोर उभं राहून ती केली.

यावर कुणी म्हणेल, दिंड्या फडांप्रमाणे आणि गुरुपरंपरेनं वेगळ्या झाल्या. झाल्याच. दिंडीला नाव फडानं दिलं, पण एका मृदंगाभोवती किती माणसं राहतील हे कानानं ठरवलं, असं मी ठामपणे म्हणतो. सोहळ्यातच याचा पुरावा आहे. मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या टाळ वाजवत एकत्र येतात. त्यांना थांबवायला चोपदार दंड उंच करतो. क्षणात शांतता. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि तेवढ्यावरून ती दिंडी कळते. एवढ्या पसाऱ्यात एकाच वेळी पोचणारी खूण डोळ्यांचीच, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यानं ती गळ्यागळ्यांतून फिरते. हरिपाठाच्या वेळी ज्याचा पहारा असेल, त्या साध्या शेतकऱ्याला ही मधली जागा मिळते. अमेरिकेत ती तबकडीवर विकत मिळाली.

आता गावोगावी हरिपाठातही मृदंगाशी एक माइक, गायकाशी एक माइक, आणि सगळा आवाज मंदिरावरच्या भोंग्यातून. भोवतालचे टाळ एका टोकातून येऊ लागले की हे मधोमध उभं राहून ऐकणंच संपतं. म्हणून सप्ताह भरवणाऱ्यांना विनंती आहे. हरिपाठाच्या वेळेपुरता भोंगा बंद ठेवा. ध्वनिमुद्रणासाठी विणेकऱ्याशेजारी एका काठीला चार माइक बांधा, चार दिशांना तोंड करून. ध्वनिमुद्रण झाल्यावर चौघांचे आवाज एकात मिसळू नका. चारही वेगवेगळे जपून ठेवा.