दिल्ली ते दौलताबाद : ४० दिवस आणि २ तास

चिकलठाणा विमानतळावरून दिल्ली सरळ रेषेत साधारण ९८० किमी. थेट विमान असेल तर पावणेदोन-दोन तासांचं काम. चौदाव्या शतकात हेच अंतर ४० दिवसांचं होतं. हा हिशोब इब्न बतूताचा. आजच्या रस्त्याने साधारण १२०० किमी धरले, तर रोज ३० किमी चाल. पटण्यासारखं आहे.

मुहम्मद तुघलक म्हटलं की आपल्याला शाळेतला वेडा सुलतान आठवतो. १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला आणली आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्ली! पण मंडळी, जरा नकाशा उघडा. त्याचं राज्य खाली पार मदुराईपर्यंत पोचलं होतं. दिल्ली-मदुराई हवाई अंतर २००० किमीच्या वर. दौलताबादहून दिल्ली ९८०, मदुराई ११६० च्या आसपास. म्हणजे गडी सर्व्हर बरोब्बर मधोमध ठेवत होता. यात वेडेपणा कुठे आहे?

बरं, त्याचं नेटवर्कही भारी होतं. दर मैलाला तीन डाकचौक्या. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरांची काठी घेऊन हरकारा पळत सुटायचा. घुंगरं ऐकू आली की पुढच्या चौकीवरचा तयार. सिंधहून दिल्लीचा प्रवास ५० दिवसांचा, पण डाक ५ दिवसांत पोचायची, असं इब्न बतूता लिहितो. त्याच वेगाने दौलताबादची बातमी दिल्लीला साधारण ४ दिवसांत जायला हवी. सुलतान दौलताबादला असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणीसुद्धा याच डाकेने यायचं!

मग घोडं अडलं कुठे? बातमी ४ दिवसांत गेली, तरी फौजेला ४० दिवस लागणारच ना. फौज काही चौकीचौकीवर बदलता येत नाही. बंड झालंय हे लगेच कळतं, पण तिथे पोचता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर अलर्ट वेळेवर येतो, फिक्स महिन्याने जातो.

पुढे झालंही तसंच. दौलताबादला अमीरांनी बंड केलं तेव्हा सुलतान स्वतः चालून आला, त्यांना हरवलं, किल्ल्याला वेढा घातला. तेवढ्यात गुजरातेत तघीचं बंड झाल्याची बातमी आली. वेढा दुसऱ्यांवर सोपवून तो तिकडे धावला आणि इकडचा डाव उलटला. १३४७ मध्ये हसन बहमनशहाने दौलताबादेतच स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं. तुघलक दख्खनला परत आलाच नाही. तघीचा पाठलाग करता करता १३५१ मध्ये सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ वारला.

तेव्हा राजधानी कुठेही हलवा, राज्याचं एक टोक लांबच राहणार होतं. ती जागा चुकीची नव्हती, राज्यच घोड्याच्या वेगापेक्षा मोठं झालं होतं. पुढच्या वेळी वेरूळला जाताना वाटेत तो किल्ला दिसला की 'तुघलकी कारभार' म्हणून हसण्याआधी हे ४० दिवस आठवून बघा.